खोलीतला दुसरा

१

दुपारी दोन वाजले की शामकलाला डोंगरावर जावं लागे.

जेवणं आटोपलेली असत, भांडी नळावर पडलेली असत, घरामागच्या सांदवाडीत वाळत घातलेल्या लाखोळीच्या भाजीवर शेजारच्यांच्या कोंबड्या टपलेल्या असत. पण शालीकराम समोरच्या खोलीत खुर्ची ओढून टीव्हीपुढं बसला, की हातातलं सगळं टाकून तिनं त्याच्या डाव्या बाजूला पाट घ्यायचा, रिमोटचं बटण दाबायचं आणि सांगायला सुरुवात करायची.

"डोंगर," ती म्हणे.

"कसा डोंगर?"

"डोंगरासारखा डोंगर. वर बरफ."

"ऊन कोनीकडून आहे?"

"आता ते मले का माहीत? आहे ऊन."

"सावली कोनीकडं पडली ते पाहा. मंग समजते."

शामकला सावली पाही, तोवर डोंगर जाऊन दुसरा डोंगर आलेला असे. ती कपाळाला हात लावी.

सिनेमा त्यांच्या मुलीचा होता. दुर्गेश्वरी त्यात नटली नव्हती, कॅमेऱ्यामागं होती. माणूस पुढं सरकला, मागं सरकला, तरी तो पडद्यावर स्पष्ट दिसला पाहिजे, एवढं एकच काम तिच्याकडं होतं, आणि तेवढ्यासाठी ती दोन महिने हिमालयात थंडीनं काकडत राहिली होती. शेवटी इंग्रजीतली नावं भराभर वर सरकत, त्यात एका ठिकाणी तिचं नाव येई. शामकला दरवेळी तिथं बोट ठेवी. बोट ठेवेपर्यंत नाव निघून जाई.

गोष्ट म्हणाल तर कासऱ्याएवढीही नव्हती. शहरातला एक बँकेचा साहेब, बायको वारलेली, सगळं सोडून डोंगरावर जातो. तिथं दगडाची एक रिकामी झोपडी असते. तिच्यात राहतो, चूल पेटवतो, डोळे मिटून बसतो. बर्फ पडतो, बर्फ वितळतो. हा बसलेलाच. सगळ्यात शेवटी सूर्य उगवतो आणि तो डोळे उघडतो. त्याला म्हणे आतून जाग येते. पेपरात छापून आलं होतं, की यातला एकेक क्षण चित्रासारखा देखणा आहे. असेल. पण चित्र भिंतीवर लावून आपण आपल्या कामाला लागतो. रोज दोन तास त्याच्यापुढं बसून ते दुसऱ्याला वाचून दाखवत नाही.

आणि दुसराही कसा, तर शालीकराम. सव्वीस वर्षं नागझिऱ्याच्या जंगलात गाईड होता. जिप्सी उभी करून पाहुण्यांना बोटानं दाखवायचा, डाव्या हाताला, तेंदूच्या मागं, खालच्या फांदीपासून हातभर वर. पाहुणे डोळे फाडून पाहत राहायचे आणि बिबट्यानं कान हलवला की मगच त्यांना बिबट्या दिसायचा. त्या माणसाच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला, आणि चार वर्षांपूर्वी उजेड-अंधाराचा फरकही गेला. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, नस सुकली, आता काही होणार नाही. तेव्हापासून शालीकरामनं कुठलीच गोष्ट मागितली नव्हती. मुलीचं काम मात्र त्याला पाहायचं होतं. रोज.

"आता का आहे?" त्या दुपारी त्यानं विचारलं.

"खोलीत आहे. बसला आहे."

"डोरे?"

"मिटलेलेच. उघडले तं मीच तुम्हाले पेढा देईन."

शालीकराम हसला नाही. त्यानं मान किंचित डावीकडं कलती केली. जंगलात असताना करायचा तशी.

"आन तो दुसरा?" तो म्हणाला.

"कोन दुसरा?"

"खोलीतला."

२

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. शामकलानं मागं नेऊन परत लावलं, चष्मा पदरानं पुसून पाहिलं. दगडाच्या भिंती, ठेंगणं छत, एका बाजूला लाकडांची रास, चुलीचा तांबडा उजेड, मधोमध तो बँकेचा साहेब. बस.

"भितीले टेकून आहे," शालीकराम म्हणाला. "डाव्या कोपऱ्यात. लाकडाच्या राशीपल्याड."

"तठी अंधार आहे जी. अंधारात कोन बसन?"

"ज्याले दिसायचं नसन तो."

तिला आता खरंच राग आला. तेरा दिवस ती घसा कोरडा करून सांगत होती, आणि तेरा दिवसांनी हा तिच्या सांगण्यात चुका काढत होता. त्याला काही ऐकू येत असावं, हे तिनं मनाशी ठरवलं. डोळे गेलेल्यांचे कान तिखट होतात. सिनेमा घेताना कोणी खोकलं असेल, कोणाचा पाय वाजला असेल, तेच याला समजलं. तिनं तसं म्हटलंही.

"ऐकू नाई आलं," तो शांतपणे म्हणाला. "दिसलं."

नागपूरच्या डॉक्टरनं हेही सांगून ठेवलं होतं: नजर गेल्यावर काही जणांना भास होतात, फुलं दिसतात, माणसं दिसतात, घाबरायचं नाही. शामकला घाबरली नाही. तिला फक्त वाटलं, भास व्हायचाच होता तर चार वर्षांत नागझिऱ्याचं तळं दिसायचं, पोरगी दिसायची. हे काय, कोपऱ्यात बसलेला कोणीतरी.

संध्याकाळी तिनं दुर्गेश्वरीला फोन लावला.

"आई, मी कामावर आहे, पटकन सांग."

"तुझ्या सिनेमात खोलीमंधी अजून कोन बसून होता?"

"कोणी नाही. हीरो होता. कॅमेऱ्याच्या मागं आम्ही चौघं."

"बाबा म्हणून राहिले का एक जन कोपऱ्यात आहे."

"बाबा?" पलीकडं कोणीतरी तिला हाका मारत होतं. "बाबांना कसं... आई, तू सांगताना काही बोलली असशील. रोज तेच तेच पाहू नका ना. दुसरं काही लाव."

"मी लावते दुसरं," शामकला म्हणाली, "तू सांग त्याहिले." पण फोन ठेवलेला होता.

३

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवून खोडी काढली. सिनेमा सुरू केला, आवाज पूर्ण बंद केला, आणि बटण दाबत दाबत कुठंतरी मध्येच नेऊन थांबवला. कुठं थांबला ते तिनं स्वतःही आधी पाहिलं नाही. मग हाताची घडी घालून गप्प बसली.

बाहेर रेल्वेची गोंदियाकडं जाणारी गाडी सुटली, तिची शिट्टी आली आणि गेली.

"आता सांगा," ती म्हणाली. "मी नाई सांगत. तुम्हाले दिसते ना, सांगा."

शालीकरामचे डोळे टीव्हीच्या थोडे वरच लागलेले होते, नेहमीसारखे, पांढुरके, कशावरच न थांबलेले.

"चूल विझली आहे," तो म्हणाला. "तो राख उकरून राहिला. डाव्या हातानं. उजव्या हाताले फडकं बांधलं आहे. मागं खुंटीवर लाल शाल."

शामकलानं टीव्हीकडं पाहिलं. साहेब राख उकरत होता, डाव्या हातानं. उजव्या हाताला फडकं होतं. मागं खुंटी होती आणि तिच्यावर लाल शाल. शालीचं तिनं कधीच सांगितलं नव्हतं. तेरा दिवसांत ती तिच्या ध्यानातही आली नव्हती.

ती उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि डोळ्यांपुढं हात हलवला.

"अजी. हे का आहे?"

"का?"

"हे. माह्या हातात का आहे?"

"मले का माहीत, बाजू हो. मंधात काऊन उभी राहिली?"

"म्हंजे मी दिसून राहिली?"

"नाई. तुझा आवाज समोरून येते."

तिनं रिमोट त्याच्या नाकाजवळ नेला. पापणी हलली नाही. भिंतीवरचं कॅलेंडर विचारलं, तो नाही म्हणाला. दाराकडं बोट करून उजेड दिसतो का विचारलं, नाही. डोंगर दिसत होता, झोपडी दिसत होती, शाल दिसत होती. अख्ख्या जगातलं तेवढंच.

शामकलाला हसावं की रडावं कळेना. चार वर्षं तिनं ताट वाढून कोणती वाटी कुठं आहे ते सांगितलं होतं, बोट धरून नेलं होतं, दाढी करून दिली होती. आणि नजर परत आली ती कोणासाठी, तर त्या बसून राहणाऱ्या साहेबासाठी.

"आन तो?" तिनं शेवटी विचारलं. विचारायचं नव्हतं.

"आहे ना. काल टेकून होता. आज टेकून नाई."

४

केवळराम आला तो रविवारी. शालीकरामच्या हाताखाली तयार झालेला गाईड, अजूनही गाडीवर जाणारा. टीव्हीला इंटरनेटही त्यानंच जोडून दिलं होतं. शामकलानं त्याला दारातच अडवून सगळं सांगितलं, आणि म्हणाली, "तुम्ही बसा जवर. तुमचं ऐकतीन. समजावा जरा."

केवळराम हसत आत गेला. "का जी शालीक भाऊ, सफारी सुरू आहे म्हंते घरच्या घरी."

"बस," शालीकराम म्हणाला. "बोलू नको."

शामकला चहा ठेवायला आत गेली. आतून तिला नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता, आणि तो तिनं चार वर्षांत ऐकलेला नव्हता. दबका, सपाट, घाई नसलेला. पाहुण्यांना जनावर दाखवतानाचा.

"डाव्या हाताले पाहाजो. लाकडाची रास. राशीवरून नजर उचल, हातभर वर. तठी दगड एकावर एक आहेत, एक दगड जरा बाहेर आला. दगड पाहू नको. दगडाच्या बाजूची जागा पाहा. सगरं हालून राहिलं जाळाच्या उजेडानं. एवढीच जागा हालून नाई राहिली."

चहा उकळून वर आला, तिनं तो खाली घेतला, गाळला. ती कप घेऊन दारात आली तेव्हा केवळराम उभा होता. टीव्हीकडं त्याची पाठ होती आणि तो आपल्या चपला शोधत होता. चपला पायातच होत्या.

"पेट्रोल टाकायचं राहिलं," तो म्हणाला.

"चहा तं घ्या."

"नाई वहिनी."

ती कप हातात घेऊनच त्याच्या मागं आंगणात गेली. तो गाडीला चावी लावत होता. तिचा जीव वैतागला. एकानं दिसतं म्हणून डोकं खाल्लं, आता हा दुसरा.

"दिसलं का तुम्हाले?"

"मी पाहिलंच नाई," केवळराम म्हणाला. "भाऊनं आम्हाले शिकवलं आहे. जनावर पाहायच्या अगोदर आपली गाडी कोनीकडं निघते ते पाहायचं." त्यानं गाडी सुरू केली. मग तिच्याकडं न पाहता म्हणाला, "ते बंद ठेवा वहिनी. आन भाऊले त्या खोलीत एकटं नोका बसवू."

"टीव्हीच आहे ना जी तो."

"हो," केवळराम म्हणाला. "टीव्हीच आहे."

५

सोमवारी सकाळी दुर्गेश्वरीचा फोन आला. आपणहून आला, कामाच्या वेळी. शामकला धान पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं फोन कानाला लावला.

"आई, बाबा म्हणाले तो कोणत्या कोपऱ्यात बसून होता?"

"आता काऊन? तूच तं म्हनली कोनी नाई."

"आई, सांग ना."

"डाव्या. लाकडाच्या राशीपल्याड."

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला, मागची माणसांची गडबड थांबली. शामकलाला वाटलं फोन कटला.

"त्या खोलीत माझं काम बिघडत होतं," दुर्गेश्वरी म्हणाली. "मी हीरोवर नजर ठेवून मशीन फिरवायची आणि चित्रात हीरो पुसट यायचा. मागची भिंत लख्ख. तोच कोपरा. अकरा वेळा परत घ्यावं लागलं. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली मी. मला वाटलं, थंडीनं माझा हात हलतो आहे."

"मंग असनच ना थंडीनं."

"असेल." तिचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता. "आई, टीव्ही बंद कर. वायर काढून टाक. मी निघते आज. उद्या दुपारपर्यंत पोचते."

शामकलानं फोन ठेवला आणि सुपातल्या धानाकडं पाहत बसली. मुलगी वर्षातून एकदाही येत नव्हती. दिवाळीला ये म्हटलं तर काम, बापाचं ऑपरेशन होतं तर काम. आणि आता एका कोपऱ्यासाठी निघाली. हे सगळं कोणावर काढावं ते तिला समजेना, म्हणून तिनं सूप उचललं आणि जरा जोरानंच पाखडायला लागली. भुसा डोक्याच्या वर उडाला.

६

तिनं वायर काढली. टीव्हीवर चादर टाकली, फुलाफुलांची, पलंगावरची. चादरीची दोन्ही टोकं मागं खोचली. मग शालीकरामला जेवायला वाढलं, आणि जेवताना सांगून टाकलं, की टीव्ही बिघडला आहे, केवळराम माणूस घेऊन येईपर्यंत सुरू होणार नाही.

"हो," शालीकराम म्हणाला, आणि भात कालवत राहिला. तिला वाटलं होतं तो वाद घालेल. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

भांडी घेऊन ती नळावर गेली. ओल्या हातांनी परत आली तेव्हा दोन वाजून गेले होते, आणि शालीकराम चादर टाकलेल्या टीव्हीपुढं खुर्ची घेऊन बसला होता.

"बरफ थांबला," तो म्हणाला.

"अजी, बंद आहे ते."

"बंद आहे हे मले का दिसते?"

"मी सांगून राहिली ना. वायर काढली मी. आता उठा, छपरीत बसा, ऊन आहे बाहेर. नाईतं मी वेडी होऊन जाईन या घरात."

"थांब जरासाक." त्यानं हात वर केला. "साहेब दिसत नाई कोठी. खोली रिकामी आहे. शाल आहे, चूल आहे. तोही नाई कोपऱ्यात."

"गेला असन. बरं झालं."

"असन."

शामकला पाटावर बसली. चिडून बसली, थकून बसली. बसायचं ठरवलं नव्हतं. दार उघडं होतं, आंगणात ऊन होतं, रस्त्यावरून कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. यात भिण्यासारखं काहीही नव्हतं. उद्या या वेळेला पोरगी घरात असेल. तिच्यासाठी तिखट-मीठ वेगळं काढावं लागेल, तिकडं राहून तिला तिखट सोसेनासं झालं आहे. असा विचार ती करत होती.

"आता दुसरी खोली आली," शालीकराम म्हणाला.

"कोणती?"

"मातीची भित. चुन्यानं पोतलेली. भितीवर कॅलेंडर आहे, त्याचा खालचा कोपरा उंदरानं खाल्ला. खाली टीव्ही. टीव्हीवर चादर टाकली कोनीतरी. गुलाबी फुलं आहेत चादरीवर. मोठी मोठी."

शामकलानं चादरीकडं पाहिलं. ती चादर दोन वर्षांपूर्वी साकोलीच्या बाजारातून आणलेली. त्यानं ती कधी पाहिली नव्हती.

"अजी," ती हळूच म्हणाली. "ही आपली खोली आहे."

"हो ना?" तो म्हणाला. "मलेही वाटलं का ओरखीची आहे. कॅलेंडर तठीच आहे, नाई का? खिळाही तोच."

"दिसून राहिलं तुम्हाले? खरंच? मी? मी दिसून राहिली?"

"निरं लुगडं आहे तुझ्या अंगावर. पदर ओला आहे."

तिनं ओला पदर मुठीत धरला. लुगडं निळंच होतं. तिनं दाबून ठेवलेलं सगळं, पंधरा दिवसांचं, चार वर्षांचं, एकदम सुटलं आणि ती रडायला लागली. रडता रडताच तिनं त्याचा गुडघा धरला. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, बरोबर ठेवला, चाचपडला नाही.

"केस पांढरे झाले वो तुझे," तो म्हणाला. "अंबाड्यात एकही कारा नाई राहिला. आन माजी तं टाळूच उघडी पडली. सांगितलं नाई तू कधी."

"त्यात का सांगायचं जी," ती हसत, नाक पुसत म्हणाली.

मग तिचं नाक पुसणं थांबलं.

त्याच्या डोक्याकडं तिनं पाहिलं. टक्कल मागच्या बाजूला होतं. पुढून केस टोपी घातल्यासारखे दाट दिसत. न्हावीही हेच म्हणे. आणि तिचा अंबाडा तिच्या मानेवर होता, ती त्याच्या बाजूला, मान त्याच्याकडं वळवून बसली होती.

"तुम्हाले माह्यं तोंड दिसून राहिलं का?" तिनं विचारलं.

शालीकराम थोडा वेळ पाहत राहिला. त्याचे डोळे नेहमीसारखे चादरीच्या वर, भिंतीवर कुठंतरी लागलेले होते.

"नाई," तो म्हणाला. "आपल्या दोघाच्या पाठी दिसून राहिल्या."

७

त्यांच्या मागं माजघराचं दार होतं. दाराच्या बाजूला धानाची ढोली, तिच्या आणि भिंतीच्या मध्ये एक कोपरा, जिथं झाडू उभा राहत असे. एवढंच. या घरात तिला चौतीस वर्षं झाली होती. डोळे मिटून तिनं त्या कोपऱ्यातला झाडू काढला असता.

"चला," ती म्हणाली. "उठा. बाहेर जाऊ."

"शामे."

असं त्यानं लग्नाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच म्हटलं होतं, दुर्गी व्हायच्या आधी.

"उठा म्हनून राहिली ना मी."

"एक वेळ मागं पाहा."

"काऊन?"

"तुझं तोंड दिसन मले," शालीकराम म्हणाला. "चार वर्षं झाले. आठवून पाहतो तं येत नाई आता. आवाज येते, तोंड येत नाई. मी कोनाले सांगितलं नाई. एक वेळ पाहा, मंग आपन जाऊ बाहेर. पोरगी येईपर्यंत बाहेरच बसू."

तिला इतका संताप आला की डोळ्यांपुढं आंगणातलं ऊन पांढरं झालं. या माणसानं आयुष्यात काही मागितलं नाही, आणि मागितलं तर हे. ती उठून निघून जाऊ शकत होती. चार पावलांवर दार होतं. पण गेली असती तर तो खुर्चीत राहिला असता, तिची जाणारी पाठ पाहत, आणि ती पाठही कोणाच्या तरी नजरेनं.

"लोकाच्या डोऱ्यानं पाहायचं आहे तुम्हाले मले," ती म्हणाली.

"माजे कोठी आहेत?"

तिनं त्याचा हात सोडला नाही. पाटावरून उठली, ओला पदर खांद्यावर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. मग स्वतःच्याच या करण्याची तिला चीड आली, आणि त्या चिडीतच ती वळली.

काही नव्हतं.

माजघराचं दार अर्धं लोटलेलं. ढोली. झाडू. कौलातल्या काचेतून उन्हाची एक तिरीप खाली उतरली होती आणि तिच्यात पाखडलेल्या धानाची धूळ वर-खाली तरंगत होती. शामकलानं श्वास सोडला. पाठीमागं तिच्या हातातला त्याचा हात हळूहळू गरम होत गेला.

"दिसली," तो म्हणाला.

"झालं?"

"सुकली वो तू. डोऱ्याखाली कारं झालं. हनुवटीवर हे कायचं लागलं?"

"ताव्याचं. झालं ना आता?"

"जरा वर पाहा. खाली पाहून राहिली तू. त्याच्याकडं पाहा."

तिनं मान वर केली. तिरिपीतली धूळ वरून सावकाश उतरत होती, आणि छताच्या फाट्याच्या जरा खाली, एका जागी येऊन, दोन बाजूंना होत होती. मधली जागा रिकामी ठेवून ती खाली जात होती आणि पार जमिनीजवळ पुन्हा एक होत होती. ती जागा माणसाच्या रुंदीची होती. उंची माणसाची नव्हती. या छताखाली उभं राहायला त्याला मान वाकवावी लागली असती, आणि वरच्या बाजूला धुळीची वाट तशी वाकलेली होती, तिच्याकडं.

पळावं असं पायांना वाटत होतं, पण तिच्या मागं खुर्ची होती आणि खुर्चीत तो होता. ती होती तिथंच, दोघांच्या मध्ये, उभी राहिली.

"हो, आता दिसली," शालीकराम म्हणाला. तो रडत होता. इतका समाधानी आवाज तिनं त्याचा दुर्गी झाली त्या दिवशी ऐकला होता. "डोरे मिटू नको. पापनी पाडू नको जरासाक."

"झालं का पाहून?" ती कशीबशी म्हणाली.

"थांब ना वो. इतक्या जवरून तं लग्नातही नोहतं पाहिलं तुले." त्यानं तिचा हात दाबला. "आता अजून पुढं नोको येऊ. नुसते डोरेच दिसून राहिले."

शामकला जागची हलली नव्हती.